पगार नाकारणारा पाळक

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच असतात, आणि पाळकाच्या उपदेशाआधी त्याच्या मानधनाचा प्रश्न मंडळीपुढे येऊन उभा राहतो. परदेशी मिशनांचा हात आखडला तेव्हापासून हा प्रश्न अधिकच बोचू लागला. तो नवा नाही. खानदेशात प्रॉटेस्टंट पंथाचे कार्य मुख्यतः अलायन्स व स्कँडिनेव्हियन मिशनांनी केले. परंतु पाचोऱ्याहून जाणारा हाच लोहमार्ग जेथे संपतो त्या मुंबईत मेथडिस्ट मंडळीची स्थापना होतानाच हा प्रश्न चर्चेला आला होता. त्या कथेतील जॉर्ज बोवेन यांचे स्मरण येथे करावे असे आम्हांस वाटते.

बोवेन यांचा जन्म १८१६ साली अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात मिडलबरी येथे झाला. तरुणपणी ते नास्तिक होते. ज्या तरुणीशी त्यांचा विवाह व्हावयाचा होता ती क्षयाने वारली व जाताना आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. त्या वाचनातून त्यांचे मन पालटले. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिक्षण घेऊन ते अमेरिकन बोर्डातर्फे १८४८ च्या जानेवारीत मुंबईस उतरले आणि पुन्हा कधीही मायदेशी गेले नाहीत.

वर्षभरातच त्यांनी मिशनचा पगार सोडला. मिशनऱ्याचा बंगला व नोकरचाकर पाहणारा माणूस त्याचा संदेश ऐकणार कसा, असा त्यांना पेच पडला होता. लहानशा खोलीत राहून, शिकवणी करून ते पोट भरू लागले. पुढे ट्रॅक्ट सोसायटीच्या पुस्तकभांडाराचे काम पाहिले, 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक वर्षानुवर्षे चालविले. रोज रस्त्यावर उभे राहून मराठीतून उपदेश करणे हा मात्र त्यांचा खरा व्यवसाय. लोक हसत, चेष्टा करीत. आमच्या फ्रान्सिस्कन परंपरेत दारिद्र्याचे व्रत घ्यावे लागते. बोवेनसाहेबांनी ते कोणत्याही मठाविना पाळले. इंग्रजी लेखकांनी त्यांना 'मुंबईचा गोरा साधू' म्हटले, यात अतिशयोक्ती नाही.

१८७१ च्या नोव्हेंबरात विल्यम टेलर मुंबईस आले. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात आलेल्यांना रस्त्यावर उपदेश करून हा लांब दाढीचा मेथडिस्ट गाजलेला होता. आपला खर्च तो पुस्तके विकून भागवी. त्याच्या संजीवन सभांतून मरगळलेल्या युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांत जागृती झाली, घरोघरी प्रार्थनेचे गट जमले, व १८७२ मध्ये मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. टेलर यांचा आग्रह एकच : येथील मंडळीने पाळकाचा भार स्वतः उचलावा, परदेशातून पैसा मागू नये. पंचावन्न वर्षांचे बोवेन या कार्यात सामील झाले. जो माणूस तेवीस वर्षे स्वखर्चाने राहिला, त्याला या आग्रहात स्वतःचाच मार्ग दिसला असणार. टेलर पुढे कलकत्त्याकडे वळले. जे उजाडले होते ते सांभाळण्याचे काम बोवेन यांच्यासारख्यांवर पडले.

पण एक गोष्ट आम्हांला खटकते. स्वावलंबन जमले ते मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या, नोकरीपेशातील लोकांत. त्यांच्या हाती दरमहा पैसा येत असे. मराठी वस्तीत, जेथे घरी दोन वेळची भ्रांत, तेथे हेच सूत्र लावणे अवघड होते. बोवेन यांच्या मराठी उपदेशानेही फारसे लोक ख्रिस्ती झाले नाहीत. चाळीस वर्षांच्या श्रमाचे फळ मोजावयाचे तर बोटांवर मावेल. स्वतः बोवेन यांना ही निष्फळता जाणवत होती.

तरीही संजीवन सभांच्या यशाने त्यांनी रस्ता सोडला नाही. म्हातारपणीही ते पूर्वीप्रमाणेच उभे राहून मराठीत बोलत. ५ फेब्रुवारी १८८८ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. कुलाब्यातील बोवेन मेमोरिअल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाने उभे आहे.