वाडवडिलांचे बिल्ले : वऱ्हाडातील राहून गेलेली युद्धपदके

अमरावती-अकोल्याकडील आपल्या कित्येक घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लष्करी पोशाखातला एखादा जुना फोटो टांगलेला दिसतो. घरच्या मुलांना एवढेच ठाऊक असते की, "बुढा लढाईत व्हता." कोणत्या लढाईत, कोणत्या पलटणीत, किती वर्षे, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. बिल्ल्याचा विषय काढला तर कुणी सांगते, "तो तं कवाच मोडला, बाप्पा." पहिल्या महायुद्धाचा एक बिल्ला खऱ्या चांदीचा होता, त्यामुळे तो सोनाराकडे जाणे नवलाचे नाही. पण कुणी सांगते, "त्यायले भेटलाच नाही." या दुसऱ्या उत्तरापाशी आम्ही थांबलो. भेटला नाही म्हणजे हक्कच नव्हता, की हक्क असून कोणी मागितला नाही? दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. पदके दोन तऱ्हेची असतात. एक शौर्याचे. त्यासाठी लढाईच्या वेळीच वरिष्ठांची शिफारस व्हावी लागते. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मिरात झांगरच्या लढाईसाठी महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिले गेले. अशी पदके नातवाच्या अर्जाने मिळत नसतात, आणि कुणी तसे आश्वासन देऊन पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावावे. दुसरे ते सेवापदक. ठरलेल्या काळात, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेले दिवस नोकरी झाली की ते त्या शिपायाचे झाले. त्यात साहेबाची मेहेरबानी नाही. हिशेब फक्त दिवसांचा आणि नोंदीचा.

नोंदीवाचून माणूस कसा पुसला जातो याचे सर्वात जुने उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोटजवळच्या अडगावला आणि १५ डिसेंबर १८०३ ला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर इंग्रजांनी लढाया जिंकल्या. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई तर आपल्या लेकरांनाही पाठ आहे. या सगळ्या लढायांसाठी इंग्रज सरकारने पदक काढले, पण कधी? १८५१ साली! त्याच्या फितीवर लावायच्या पट्ट्यांवर अडगाव, गाविलगड, कोरेगाव ही नावे इंग्रजी वळणाने 'अरगॉम', 'गाविलघर', 'कोरीगॉम' अशी कोरली गेली. अट अशी की, तोवर जो जिवंत असेल त्यालाच पदक. अडगावच्या लढाईला तेव्हा ४८ वर्षे झाली होती आणि कोरेगावला ३३. म्हणजे कोरेगावात जो पडला त्याचे नाव जयस्तंभावर गेले. 'नाक' प्रत्ययाची ती नावे आपण दरवर्षी वाचतो. पण जो वाचला, घरी परतला आणि १८५१ च्या आधी म्हातारपणाने गेला, त्याचे नाव ना दगडावर, ना चांदीवर. त्याच्या बायकोपोरांना मागण्याची सोयच नव्हती.

पुढे तर भरतीच बंद झाली. १८९२ च्या सुमारास महारांना फौजेत घेणे थांबवले गेले आणि ज्यांचे बाप-आजे सुभेदार-जमादार होते त्यांना आपण लढवय्ये आहोत हे सिद्ध करून दाखवण्याची पाळी आली. स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्यासाठी अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेपर्यंत निवेदन पाठवले. या निवेदनांचा सारा भर पूर्वजांच्या लष्करी नोकरीवर होता. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडलीसुद्धा. मोडलेल्या पलटणीला वारस नसतो. त्यामुळे त्या काळच्या शिपायांचा माग काढणे आज सर्वात कठीण आहे.

बाबासाहेबांनी हा सगळा इतिहास जवळून पाहिला होता. वडील रामजी सुभेदार, आजोबा मालोजी तेही फौजेतलेच. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर नेमणूक झाल्यावर त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली पलटण उभी राहिली. १९४२ मध्ये दुसरी पलटण आपल्या नागपूरजवळच्या कामठीला निघाली. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही सगळी नागपूरच्या रेल्वेमार्गावरची ठाणी, तेव्हा वऱ्हाडातल्या तरुणाला कामठी काही परकी नव्हती. या दुसऱ्या पलटणीने ब्रह्मदेशाच्या मोहिमेत भाग घेतला आणि युद्धानंतर ती इराकला गेली. पहिली व तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली.

आता दिवसांचा हिशेब पाहू, कारण घराघरांत वाद होतो तो इथेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात २८ दिवस नोकरी झालेल्याला 'वॉर मेडल'. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत प्रत्यक्ष गेलेल्याला 'बर्मा स्टार', त्याला दिवसांची मोठी अट नाही. 'इंडिया सर्व्हिस मेडल'ला मात्र ३ सप्टेंबर १९३९ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात भारतात तीन वर्षे नोकरी लागते. म्हणजे जो १९४२ च्या दिवाळीनंतर भरती झाला त्याचे तीन वर्षे भरतच नाहीत. त्याच्या सोबत्याला मिळाले आणि त्याला नाही, यात जातीचा अन्याय शोधू नये, तारीख पाहावी. १५ ऑगस्ट १९४७ ला जो नोकरीत होता त्याला स्वातंत्र्याचे पदक आहे. १९४७-४८ ला काश्मिरात गेलेल्यांना त्या नावाच्या पट्टीसह 'जनरल सर्व्हिस मेडल'. पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांची वेगळी पदके आहेत. पुष्कळांना ती लागू होती, पण तोवर पेन्शन घेऊन किंवा नाव कमी करून माणूस गावी आला, शेतमजुरीला किंवा गिरणीत लागला, आणि पत्ता बदलला.

काही वडीलधारे विचारतात, "इंग्रजाचा बिल्ला कशाले पायजे आता?" प्रश्न चुकीचा नाही. परंतु आम्हांस वाटते की बिल्ल्यापेक्षा त्याच्या काठाकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज शिपायांना कोरी पदके मिळाली. भारतीय शिपायांच्या पदकांवर मात्र त्याचा नंबर व नाव ठोकलेले असते. तो नंबर म्हणजे गावच्या कोतवालबुकाबाहेर आपल्या आज्याची झालेली बहुधा पहिली नोंद. आणि जगात सगळीकडे एवढेही झाले नाही. इराकमधील बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर इंग्रजांची नावे कोरली, साध्या भारतीय शिपायांचा फक्त आकडा. २०२१ मध्ये ती स्मारके सांभाळणाऱ्या आयोगानेच हा भेदभाव अहवालात कबूल केला.

मागायचे ते कुणाकडे? ज्या रेजिमेंटमध्ये नोकरी झाली तिच्या अभिलेख कार्यालयाकडे. महार रेजिमेंटचे ते मध्यप्रदेशात सागरला आहे. मात्र फौजेत होता म्हणजे महार रेजिमेंटमध्येच होता असे धरून चालू नये. कोणी रसद खात्यात असेल तर बंगळूर, सिग्नलमध्ये असेल तर जबलपूर, ऑर्डनन्समध्ये असेल तर सिकंदराबाद. अमरावती व अकोला येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून अर्ज पाठवणे सोयीचे पडते. न मिळालेले पदक आणि हरवलेले पदक या दोन वेगळ्या मागण्या आहेत, एकाच अर्जात त्यांची खिचडी करू नये. सोबत डिस्चार्जचा कागद, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो.

घोडे अडते ते नात्याच्या पुराव्यापाशी. जुन्या रेकॉर्डात आडनाव नाही, नुसते स्वतःचे व बापाचे नाव. जात महार, धर्म हिंदू. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घर बौद्ध झाले, मुलाने शाळेत आडनाव लावले, नातवाच्या दाखल्यावर तिसरेच काही. गावाचेही तसेच. 'सी. पी. अँड बेरार' हा प्रांत राहिला नाही, अचलपूर इंग्रजीत 'एलिचपूर' लिहिले जाई, आणि १ जुलै १९९८ पासून वाशीम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. मंगरूळपीरचा शिपाई रेकॉर्डात अकोल्याचा असतो, त्याचा नातू वाशीमचा. आमच्या वस्तीतील एका कुटुंबाचा अर्ज एका कार्यालयाने 'नाव जुळत नाही' म्हणून दोनदा परत केला. तिसऱ्या वेळी त्यांनी नाव बाजूला ठेवले आणि नंबर शोधायला घेतला. बिल्ला नाही, कागद नाही. मग आजी म्हणाली, "त्यायची पेटी तं हाय ना!" ज्वारीच्या कोठीखालून काळी ट्रंक ओढून काढली. तिला वर दोनदा हिरवा रंग दिलेला. झाकण घासल्यावर खालचे पांढरे आकडे एकेक करून वर आले, सगळे. तो नंबर घालून अर्ज पुन्हा गेला आहे.