‘डब’ या शब्दाचा अर्थपालट आणि किंग टबी

एखाद्या व्यवसायाचा इतिहास पुष्कळदा त्यातील शब्दांच्या अर्थांतरात साठविलेला असतो. ध्वनिमुद्रित गीताची पुनर्रचना करणारा, ज्यास आज ‘रीमिक्सर’ म्हणतात, तो कारागीर की कर्ता, हा प्रश्न या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. जमैकातील ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबी (१९४१–१९८९) याची कारकीर्द त्याचे बोलके उदाहरण होय.

किंग्स्टन शहरात रेडिओ व विजेची उपकरणे दुरुस्त करणे हा टबीचा मूळ धंदा. पुढे ड्यूक रीड या निर्मात्याकडे तो तबकड्या कापण्याचे काम करू लागला. नृत्यसभांसाठी काढलेल्या अशा मृदू तबकडीच्या संदर्भात ‘डब’ म्हणजे केवळ प्रत. १९६८ च्या सुमारास गायकाचा आवाज वगळलेल्या प्रती लोकप्रिय झाल्या आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ‘व्हर्शन’ हा शब्द छापला जाऊ लागला.

१९७० नंतरच्या दशकात टबीने वॉटरहाउस भागातील आपल्या घरीच ध्वनिमिश्रणाची खोली थाटली. चार पट्ट्यांच्या फितीवर ताल, खर्ज व गायन अलग राहत असल्याने त्यांतील कोणताही घटक क्षणात मावळविता येई. उरलेल्या पोकळीत तो प्रतिध्वनी सोडी. फीत फिरत असताना हाताने केलेले हे मिश्रण दर खेपेस निराळे उतरे. आपल्याकडे चित्रपटातील ‘डबिंग’ म्हणजे आवाज घालणे. किंग्स्टनमध्ये मात्र ‘डब’ हे आवाज काढून घेण्यातून निपजलेल्या नव्या कृतीचे नाव ठरले.

मूळ गायक-वादकांच्या श्रमावर हा कर्तृत्वाचा दावा उभा आहे, हा आक्षेप दुर्लक्षणीय नव्हे. तथापि १९७६ मध्ये निघालेल्या ऑगस्टस पाब्लोच्या ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ या संग्रहाच्या शीर्षकातच मिश्रणकाराचे नाव प्रथम येते. कायद्याने काहीही ठरविले तरी लोकभाषेने आपला निर्णय दिला होता. टबीच्या हाताखाली तयार झालेल्या प्रिन्स जॅमीने १९८५ मध्ये कॅसिओ वाद्यातील तयार तालावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गीत निर्मिले आणि जमैकाचे संगीत डिजिटल वाद्यांकडे वळले. १९८९ च्या फेब्रुवारीत टबीची त्याच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली.

आपल्या व्याकरणपरंपरेत लोप हेही एक कार्यच मानले जाते. वर्ण दिसेनासा झाला, तरी त्याचा परिणाम उरतो. टबीचे कर्तृत्व या जातीचे आहे. काय वगळावे हे जाणणाराही रचनाकारच, असे म्हणणे प्राप्त होते.