उपभोगाधारित कार्बन उत्सर्जन मापन

एखाद्या राष्ट्रातील रहिवासी ज्या वस्तू व सेवा वापरतात, त्यांच्या निर्मितीत जगात कोठेही वातावरणात सोडला गेलेला कार्बन डाय-ऑक्साइड व तत्सम हरितगृह वायू त्या राष्ट्राच्या नावे मांडण्याची पद्धती. रूढ पद्धतीत उत्सर्जन ज्या भूमीवर घडते, त्या देशाच्या नावे ते धरले जाते. तीस प्रादेशिक किंवा उत्पादनाधारित मापन म्हणतात. प्रादेशिक उत्सर्जनातून निर्यात मालात अंतर्भूत असलेले उत्सर्जन वजा करून आयात मालातील उत्सर्जन मिळविले, म्हणजे उपभोगाधारित आकडा येतो. जगाची एकूण बेरीज दोन्ही पद्धतींत तत्त्वतः सारखीच राहते. बदलते ती राष्ट्राराष्ट्रांमधील वाटणी. त्यामुळे वरवर हिशेबाचा वाटणारा हा प्रश्न मुळात जबाबदारीचा आहे.

नासिक जिल्ह्याचे उदाहरण : या भेदाचे स्वरूप नासिकच्या द्राक्षांवरून चांगले स्पष्ट होते. निफाड, दिंडोरी इ. तालुक्यांतील द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या हंगामात यूरोपकडे रवाना होतात. बागेतील ट्रॅक्टर व फवारणी यंत्रे यांचे डीझेल, पंपाची व शीतगृहाची वीज, नत्रखतांमुळे जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड हे सर्व प्रादेशिक पद्धतीनुसार भारताच्या खाती पडते. न्हावा-शेवा बंदरातून शीतपेट्या घेऊन निघालेल्या जहाजाचे इंधन मात्र आंतरराष्ट्रीय वाहतूक म्हणून वेगळे नोंदले जाते; ते कोणत्याच राष्ट्राच्या एकूण बेरजेत धरले जात नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढील हंगामात अनेक जहाजांना सुएझ कालव्याऐवजी केप ऑफ गुड होपचा वळसा घ्यावा लागला. बागेतील काम तेच राहिले, तरी फळामागील इंधनखर्च वाढला. भारताच्या वा खरेदीदार देशाच्या प्रादेशिक हिशेबात त्याची खूण उमटली नाही. उपभोगाधारित पद्धतीत हा सर्व भार, द्राक्षे जेथे खाल्ली जातात, त्या देशाकडे जातो. नेदर्लंड्‌समध्ये उतरलेला माल पुढे जर्मनीत विकला गेल्यास भार जर्मनीचा ठरतो. म्हणून केवळ बंदरावरील नोंदी या कामी पुरत नाहीत.

हाच प्रश्न देशांतर्गतही उद्भवतो. नासिकजवळ एकलहरे येथील औष्णिक विद्युत् केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये, तर प्रत्येकी २१० मेगावॉट क्षमतेचे तीन संच १९७९–८१ या काळात कार्यान्वित झाले. पहिले दोन संच पुढे बंद करण्यात आले. येथील वीज राज्याच्या जालकात मिसळते व दूरदूरच्या शहरांत वापरली जाते. धूर जिल्ह्याच्या नावे लिहावा की वीज वापरणाऱ्यांच्या, यावर जिल्ह्याचा आकडा अवलंबून राहतो. मात्र हिशेबात कार्बनचे स्थलांतर करता आले, तरी कोळशाची राख केंद्राच्या परिसरातच राहते.

इतिहास : या मापनाचा गणिती पाया म्हणजे आदान-प्रदान विश्लेषण. एका उद्योगाचे उत्पादन दुसऱ्या उद्योगात किती खर्ची पडते, हे कोष्टकरूपाने दाखविण्याची ही रीत व्हॅसिली लिआँटिएफ यांनी १९३६ मध्ये अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेसंबंधी प्रथम मांडली. १९७० मध्ये त्यांनी तीत प्रदूषणाचा समावेश केला. १९७३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९९२ चा संयुक्त राष्ट्रांचा हवामानबदलविषयक करार व १९९७ चा क्योटो करार यांनी मात्र प्रादेशिक मापनच स्वीकारले. प्रत्येक शासनाचे नियंत्रण स्वतःच्या भूमीपुरतेच चालते आणि इंधनविक्रीचे आकडे सहज उपलब्ध असतात, ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

क्योटो करारातील बंधनकारक मर्यादा औद्योगिक राष्ट्रांपुरत्या होत्या. त्यामुळे जास्त धूर सोडणारे उत्पादन अन्यत्र हलवून तोच माल आयात केल्यास त्या राष्ट्राचे उत्सर्जन कागदोपत्री घटलेले दिसे. अँड्रू वायकॉफ व जोसेफ रूप यांनी आयात मालातील कार्बनाकडे १९९४ मध्येच लक्ष वेधले होते. २००१ मध्ये डेन्मार्कच्या उदाहरणावरून येस्पर मुंक्सगार्ड व क्लाउस पेडरसन यांनी उत्पादक जबाबदार की उपभोक्ता, असा प्रश्न स्पष्टपणे उपस्थित केला. ग्लेन पीटर्स व त्यांचे सहकारी यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार व्यापारी वस्तू व सेवांच्या निर्मितीतील उत्सर्जन १९९० मध्ये ४·३ अब्ज टन होते. २००८ मध्ये ते ७·८ अब्ज टन, म्हणजे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सु. २६ टक्के झाले. ब्रिटनमध्ये शासनातर्फे उपभोगाधारित आकडे नियमितपणे प्रसिद्ध होतात व ते प्रादेशिक आकड्यांपेक्षा बरेच मोठे असतात.

भारताची भूमिका : भारताचे उपभोगाधारित उत्सर्जन प्रादेशिक उत्सर्जनापेक्षा थोडे कमी भरते, म्हणजे अंतर्भूत कार्बनाचा भारत हा निव्वळ निर्यातदार आहे. मोजणीच्या रीतीविषयीचा वाद मात्र येथे पूर्वीच सुरू झाला. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने १९९० मध्ये केलेल्या गणनेत भारताचा क्रम वरचा लावला होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेतर्फे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये तिला आक्षेप घेतला. भातशेती व गुरे यांपासून होणारे निर्वाहाचे उत्सर्जन आणि मोटारींसारखे चैनीचे उत्सर्जन एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मर्यादा : जागतिक कोष्टकांत क्षेत्रे फार मोठी धरलेली असतात. काहींत भारतातील सर्व फळे, भाजीपाला व कवचफळे मिळून एकच क्षेत्र असते. त्यामुळे ठिबक सिंचनावरील नासिकची द्राक्षबाग आणि देशातील अन्य कोणतीही वाडी यांना सरासरीचा एकच गुणक लागू होतो. ज्या शेतकऱ्याने इंधन व खत यांची बचत केली, त्याची बचत आकड्यात दिसत नाही. शिवाय राष्ट्राची सरासरी त्या राष्ट्रातील श्रीमंत व गरीब यांच्या उपभोगातील अंतर झाकून टाकते.

अंतर्भूत कार्बनाच्या गणनेचे परिणाम परस्परविरोधीही होऊ शकतात. यूरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहितीसंकलनाच्या स्वरूपात सुरू झाली. प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासूनचा आहे. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इ. वस्तूंना ती लागू असून बोल्ट व स्क्रू यांसारख्या वस्तूही तिच्या कक्षेत येतात. द्राक्षे येत नाहीत. आयात मालातील कार्बन मोजण्याचे तत्त्व येथे मान्य झाले आहे. तथापि उपभोगाधारित मापनात त्याचा भार उपभोक्त्या राष्ट्राकडे जातो, तर या व्यवस्थेत आयातदाराने भरलेली रक्कम कमी भावाच्या रूपाने निर्यातदार उत्पादकावरही पडू शकते. भारताने या आकारणीस आक्षेप घेतला आहे. कार्बन मोजण्याची रीत आणि त्याचे मूल्य कोणी चुकवावे याचा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होत नाही.