रात्रदुर्बीण : सिद्धांत आणि अनुभव यांच्यातील एका दीर्घ वादाचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत रुळलेला ‘दुर्बीण’ हा शब्द फारसीतून आलेला असून ‘दूरचे पाहणारी’ एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. अंधारात पाहण्याचा त्यात कोठेही निर्देश नाही. १६०८ साली नेदरलँड्समध्ये हान्स लिपरशे याने ज्या नळीसाठी एकाधिकार मागितला, ती नळीही दूरच्या वस्तू जवळ दिसाव्यात म्हणूनच होती. तथापि समुद्रावर वावरणाऱ्यांची गरज वेगळी होती. शत्रूचे जहाज, खडक, हिमखंड वा किनाऱ्याची कड या गोष्टी दिवसा नुसत्या डोळ्यांनीही दिसत. जीव जात तो रात्री. या गरजेतून अठराव्या शतकात ‘रात्रदुर्बीण’ हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला. ही दुर्बीण खरोखर काही अधिक दाखविते की पाहणाऱ्याला तसा केवळ भास होतो, हा प्रश्न मात्र त्यानंतर सुमारे दोन शतके वादाचा विषय राहिला. या वादाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उलटे दिसणारे जहाज

रात्रदुर्बिणीची रचना समजण्यासाठी प्रकाशाच्या नुकसानीचा हिशेब पाहणे आवश्यक आहे. हवेतून काचेत आणि काचेतून हवेत जाताना प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. जमिनीवर वापरावयाच्या नेहमीच्या दुर्बिणीत प्रतिमा सुलटी करण्यासाठी नेत्रिकेत चार भिंगे बसवीत. वस्तुभिंग एकसंध धरल्यास एकूण पाच भिंगांचे दहा पृष्ठभाग होतात, आणि अखेरीस सुमारे ६६ टक्के प्रकाशच डोळ्यापर्यंत पोचतो. प्रतिमा सुलटी करणारी जोडी काढून टाकली तर सहा पृष्ठभाग उरतात व हे प्रमाण ७८ टक्क्यांवर जाते. रात्रदुर्बीण बनविणाऱ्या कारागिरांनी नेमके हेच केले. वस्तुभिंग मोठे ठेवले, विशालन बेताचे ठेवले आणि भिंगांची संख्या घटविली. याची किंमत अशी की, जहाजाची डोलकाठी खाली व तळ वर दिसे. खलाशांनी ती गैरसोय सोसली, यावरूनच या साधनाची उपयुक्तता त्यांना किती पटली होती हे ध्यानात येते. येथे हेही नमूद केले पाहिजे की, या कारागिरांजवळ परावर्तनाचे गणित नव्हते. प्रकाशमापनाचा पाया घालणारे पिएर बूगेर आणि योहान लाम्बेर्ट यांचे प्रमुख ग्रंथ १७६० सालचे आहेत.

सेंट पीटर्सबर्गमधील वाद

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण रशियातील आहे. सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीचे सदस्य मिखाईल लोमोनोसोव्ह हे उत्तरेकडील एका दर्यावर्दी शेतकऱ्याचे पुत्र होते व लहानपणी वडिलांबरोबर श्वेत समुद्रावर गेलेले होते. १७५६ साली त्यांनी अंधारात खडक व जहाजे ओळखण्यास साहाय्यभूत होणारी एक नळी अकादमीपुढे ठेवली. तिला त्यांनी दिलेल्या रशियन नावाचा अर्थ ‘रात्री पाहण्याची नळी’ असा होतो. मोठे वस्तुभिंग अधिक प्रकाश गोळा करते, तो घनीभूत होऊन डोळ्यात शिरतो आणि म्हणून अंधारातील वस्तू स्पष्ट दिसते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे विद्युत व चुंबकत्वावरील कार्यासाठी प्रसिद्ध झालेले फ्रांझ एपिनुस १७५७ मध्ये या अकादमीत आले. त्यांनी या नळीला विरोध केला, आणि तोही व्यक्तिगत आकसाने नव्हे तर गणिताच्या आधारे. त्यांचा युक्तिवाद आजच्या परिभाषेत असा मांडता येईल : दुर्बीण जितका अधिक प्रकाश गोळा करते, तितकीच ती प्रतिमाही मोठी करते; मिळालेला प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो आणि दृष्टिपटलाच्या दर एकक क्षेत्रावर पडणारा प्रकाश वाढत नाही. त्यात काचेतील नुकसान जमेस धरले तर विस्तार असलेली कोणतीही वस्तू दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांपेक्षा किंचित फिकीच दिसली पाहिजे. अशा नळीने रात्री अधिक दिसणे सिद्धांततः अशक्य ठरते.

एपिनुस यांचे हे गणित निर्दोष होते. ते आजही तसेच शिकविले जाते. तरीही लोमोनोसोव्ह यांच्या नळीतून अधिक दिसत होते. अकादमीतील बहुसंख्यांनी सिद्धांताची बाजू घेतली. लोमोनोसोव्ह यांनी ‘घनीभूत प्रकाश’ हे जे स्पष्टीकरण दिले होते ते चुकीचे असल्याने त्यांची बाजू आणखी दुबळी झाली. निरीक्षण खरे व उपपत्ती खोटी असली की विद्वानांच्या सभेत निरीक्षणही खोटे ठरते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल. एप्रिल १७६५ मध्ये लोमोनोसोव्ह यांचे निधन झाले. त्यांच्याच प्रेरणेने आखलेली वासिली चिचागोव्ह यांची उत्तर ध्रुवसागरातील मोहीम त्यानंतर काही आठवड्यांनी निघाली आणि ८०° २६' उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन बर्फामुळे परतली. या मोहिमेसाठी रात्रदुर्बिणीही देण्यात आल्या होत्या. त्या अक्षांशावर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तेव्हा तेथे त्यांची कसोटी कितपत लागली असेल, हा प्रश्नच आहे.

डोळ्याकडे वळलेले लक्ष

वादाची उकल भिंगांच्या अभ्यासातून झाली नाही, ती डोळ्याच्या अभ्यासातून झाली. १८६६ साली माक्स शुल्त्से या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने दृष्टिपटलावरील दोन प्रकारच्या पेशींचे कार्य वेगळे करून दाखविले. शंकुपेशी उजेडात व रंगासाठी, तर दंडपेशी अंधुक प्रकाशात कामी येतात. पुढे १८७७ मध्ये आन्निबाले रिक्को या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने असे दाखविले की, अत्यंत लहान व अंधुक ठिपका दिसण्यासाठी त्याची तेजस्विता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार महत्त्वाचा असतो. म्हणजे तेजस्विता न वाढता केवळ ठिपका मोठा झाला तरी तो दिसू लागतो. अंधारातील दृष्टिपटल शेजारशेजारच्या पुष्कळ दंडपेशींकडून आलेला प्रकाश एकत्र जमा करते.

याचा रात्रदुर्बिणीशी संबंध उघड आहे. सातपट विशालनाची दुर्बीण दूरच्या जहाजाची प्रतिमा क्षेत्रफळात ४९ पट मोठी करते. तिची तेजस्विता वाढत नाही, हे एपिनुस यांचे म्हणणे खरे. पण ती ४९ पट अधिक दंडपेशींवर पडते आणि एरवी अंधारात विरून जाणारा आकार दृष्टीच्या उंबरठ्यावर येतो. एपिनुस यांनी प्रकाशाचा हिशेब केला होता, पाहणाऱ्याचा केला नव्हता. विसाव्या शतकात प्रकाशशास्त्रज्ञ सेर्गेई वाव्हिलोव्ह यांनी लोमोनोसोव्ह यांच्या नळीचा याच दृष्टीने पुनर्विचार केला व त्यांचे निरीक्षण ग्राह्य ठरविले. न्याय मिळण्यास सुमारे १८० वर्षे लागली.

डोळ्याची आणखी एक मर्यादा कारागिरांना उपयोगी पडली. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. दुर्बिणीतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका याहून जाड असेल तर जास्तीचा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. बारीक असेल तर प्रतिमा फिकी पडते. वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन म्हणजे या शलाकेची जाडी. ५० भागिले ७ केले की उत्तर ७.१ येते. नौदलांनी ७×५० हीच जोडदुर्बीण रात्रीसाठी का स्वीकारली, याचे कारण या साध्या भागाकारात आहे. वाढत्या वयात बाहुलीचे विस्फारणे कमी होते. त्यामुळे हीच दुर्बीण वयस्क अधिकाऱ्याच्या हाती तितका लाभ देत नाही.

पहाऱ्यावरील माणूस

१४ एप्रिल १९१२ च्या चंद्रहीन रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हिमखंडावर आदळले. त्या वेळी टेहळणीच्या जागी असलेल्या दोघांकडे दुर्बीण नव्हती. त्यांपैकी फ्रेडरिक फ्लीट याने अमेरिकी सिनेटच्या चौकशीत, दुर्बीण असती तर जहाज वळविता येण्याइतके आधी दिसले असते, अशी साक्ष दिली. लंडनमधील चौकशीत मात्र ध्रुवप्रदेशाचे जाणकार अर्नेस्ट शॅकल्टन यांनी टेहळ्याकडे दुर्बीण असूच नये, असे मत दिले. दीडशे वर्षांपूर्वीचा वाद येथे वेगळ्या स्वरूपात पुन्हा उभा राहिलेला दिसतो. शॅकल्टन यांच्या मताला आधार आहे. दुर्बीण समुद्राचा अगदी लहान तुकडा दाखविते आणि टेहळ्याने तर सारे क्षितिज पाहावयाचे असते. मात्र शोधणे आणि ओळखणे ही दोन कामे भिन्न आहेत. संशयास्पद सावली नुसत्या डोळ्यांनी हेरावी व दुर्बिणीने निश्चित करावी, अशी विभागणी शक्य होती. फ्लीटचे म्हणणे खरे ठरले असते की नाही, हे सांगता येणार नाही. परंतु सुमारे पंधराशे माणसांच्या मृत्यूनंतर तो प्रश्न केवळ प्रकाशशास्त्राचा राहिला नव्हता.

दुर्बिणीइतकेच तिच्यामागील माणसाचे शिक्षण महत्त्वाचे असते, हे ८-९ ऑगस्ट १९४२ च्या रात्री साव्हो बेटाजवळील लढाईत दिसून आले. जपानी नौदलाने मोठ्या आकाराच्या जोडदुर्बिणी आणि रात्रीच्या पाहणीसाठी खास तयार केलेले टेहळे यांवर भिस्त ठेवली होती. दोस्तांच्या पहाऱ्यावरील विनाशिकांवर रडार होते. असे असूनही जपानी टेहळ्यांना ‘ब्लू’ ही अमेरिकी विनाशिका आधी दिसली, ‘ब्लू’ला मात्र त्यांचा ताफा दिसला नाही. त्या रात्री दोस्तांच्या चार मोठ्या क्रूझर बुडाल्या व हजाराहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. काचेने रडारवर मात केल्याचे असे प्रसंग पुढे विरळ होत गेले.

याच सुमारास काचेतील नुकसानीवरही उपाय सापडला. इंग्लंडमधील डेनिस टेलर यांना १८९२ मध्ये असे आढळले होते की, जुनी, डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आरपार सोडतात. कळकटलेले भिंग अधिक चांगले, हा अनुभव कोणाही व्यापाऱ्याला न पटणारा होता. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील ओलेक्सांडर स्माकुला यांनी भिंगावर परावर्तनरोधक पातळ थर चढविण्याची पद्धत विकसित केली, तेव्हा त्या निरीक्षणाचे खरे चीज झाले.

अवरक्त किरणांचे रूपांतर करणारी नलिका १९३४ मध्ये फिलिप्स कंपनीत गिलेस होल्स्ट व सहकाऱ्यांनी तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन व अमेरिकी बंदुकांवर अशी साधने बसविली गेली, आणि व्हिएतनाम युद्धात ताऱ्यांचा प्रकाश वर्धित करणारी साधने आली. या साधनांत प्रकाशाचे इलेक्ट्रॉनमध्ये रूपांतर होऊन तेजस्विता खरोखरच वाढते. एपिनुस यांचा आक्षेप त्यांना लागू होत नाही.

चष्म्याचा प्रश्न

दुर्बिणीच्या मानाने रात्रीच्या चष्म्याचा इतिहास उपेक्षित आहे. ब्रिटिश राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलीन यांनी १७८९ मध्ये नोंदविले की, रात्री तारे स्पष्ट दिसण्यासाठी त्यांना दिवसापेक्षा अधिक शक्तीचे अंतर्गोल भिंग लागते. १८८३ मध्ये लॉर्ड रॅले यांनी, आधीची नोंद ठाऊक नसताना, स्वतःच्या डोळ्यांबाबत हेच पाहिले. या ‘रात्रीच्या लघुदृष्टी’कडे १९४० च्या दशकात स्पेनमधील होसे मारिया ओतेरो यांच्यासारख्या संशोधकांचे लक्ष गेले. दुसरे साधन म्हणजे तांबडा चष्मा. विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९१६ मध्ये तो क्ष-किरण पडद्यावर काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी सुचविला. दंडपेशी तांबड्या प्रकाशाला फारशा संवेदनशील नसल्याने तो घालून उजेडात वावरले तरी डोळा अंधाराला सरावत राहतो. एरवी या सरावास सुमारे अर्धा तास लागतो. दुसऱ्या महायुद्धात रात्री उड्डाण करणाऱ्या वैमानिकांना याचा उपयोग झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा चष्मा अंधारात जाण्यापूर्वी घालावयाचा व अंधारात जाताच काढावयाचा असतो.

रात्री वाहन चालविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पिवळ्या काचांच्या चष्म्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तो अंधारातच घालावयाचा असतो आणि कोणतीही रंगीत काच प्रकाश कमीच करते. त्यातून अधिक स्पष्ट दिसते, असे वापरणारे मात्र सांगतात. २०१९ साली अमेरिकेत २२ व्यक्तींवर वाहनचालनाच्या सदृशीकरण यंत्रावर चाचणी घेण्यात आली. पिवळ्या चष्म्यामुळे रस्त्यावरील पादचारी ओळखण्यात सुधारणा झाल्याचे तीत आढळले नाही. लोमोनोसोव्ह यांच्या नळीबाबत पाहणाऱ्याचा अनुभव खरा ठरला होता, येथे तो टिकला नाही. आणि दोन्ही वेळा हा निर्णय दृष्टीच्या अभ्यासातूनच आला.