एकशे पंचवीस डॉलर!

एकशे पंचवीस डॉलर फुकट मिळणार म्हटल्यावर कोण सोडेल? जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत ही बातमी पसरली आणि लोक फॉर्म भरायला अक्षरशः तुटून पडले. माहिती चोरीला गेल्याची भरपाई. नाव, पत्ता टाका, एक टिक मारा, झालं. पुढे त्या १२५ चं काय झालं ती गोष्ट मजेशीर आहे. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

चांगलंच मागे, १८९९ साली. केटर आणि गाय वूलफर्ड या दोन भावांनी अटलांटात रिटेल क्रेडिट कंपनी काढली. धंदा काय, तर कोण उधारी वेळेवर फेडतो आणि कोण बुडवतो याची यादी करायची आणि ती दुकानदारांना विकायची. आपल्या वाण्याकडे उधारीची वही असते ना, तशीच. फरक एवढाच की ही वही सगळ्या गावातले वाणी पैसे देऊन वाचणार, आणि ज्याचं नाव वहीत आहे त्याला मात्र ती दिसणार नाही! पुढे या वहीत लोकांच्या खाजगी आयुष्याबद्दलची ऐकीव माहितीसुद्धा जायला लागली, बोंबाबोंब झाली आणि १९७० साली फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आला. १९७५ मध्ये कंपनीने नाव बदललं. नवीन नाव, इक्विफॅक्स.

आता २०१७. ७ मार्चला अपाची स्ट्रट्समधल्या एका भयंकर भोकासाठी पॅच आला. इक्विफॅक्समध्ये ९ मार्चला चारशेहून जास्त लोकांना मेल गेला की ४८ तासांत पॅच मारा. (असे मेल आपल्यालाही येतात. आपण ते कसे वाचतो हे आपल्याला माहीत आहे.) ज्या पोर्टलवर ग्राहक तक्रारी नोंदवत, ते सत्तरच्या दशकातल्या सिस्टीमवर उभं होतं आणि तिथे पॅच काही लागला नाही. स्कॅन केला, त्यात ते सापडलं नाही. मे महिन्यात चोर आत शिरले. एका फाईलमध्ये पासवर्ड साध्या टेक्स्टमध्ये पडलेले मिळाले, त्यावरून ४८ वेगळे डेटाबेस उघडले आणि सुमारे ९००० क्वेरी चालवल्या. ७६ दिवस! ट्रॅफिक तपासणाऱ्या डिव्हाइसचं सर्टिफिकेट कधीचं एक्सपायर झालेलं, त्यामुळे कोणाला काही दिसेना. २९ जुलैला सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद ट्रॅफिक दिसला. यात हॅकरच्या हुशारीपेक्षा आपल्याच व्यवसायातला आळस जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

१४ कोटी ७० लाख अमेरिकनांची माहिती गेली. कंपनीने हे जाहीर केलं ७ सप्टेंबरला. शिवाय मदतीसाठी जी वेबसाईट काढली तिचा पत्ता स्वतःच्याच ट्विटर अकाउंटवरून चुकीचा दिला. तो पत्ता एका सॉफ्टवेअरवाल्याने लोकांना सावध करायला काढलेल्या नकली साईटचा निघाला, आता बोला.

मग कोर्टबाजी. इथे क्लास अ‍ॅक्शन म्हणजे काय ते सांगायला हवं. तुमचं नुकसान दोनशे डॉलरचं असेल तर त्यासाठी वकील लावणं परवडत नाही. म्हणून चार जण सगळ्यांच्या वतीने दावा लावतात आणि निकाल सगळ्यांना लागू होतो. १९६६ मध्ये अमेरिकेच्या दिवाणी नियमांत, नियम २३ मध्ये, बदल झाला आणि या प्रकाराला खरा जोर आला. ज्याला यात राहायचं नाही त्याने तसं कळवायचं, नाहीतर आपण आत आहोतच.

२२ जुलै २०१९ ला तडजोड जाहीर झाली. आकडा ५७.५ ते ७० कोटी डॉलर, आणि त्यात क्लास अ‍ॅक्शनचा फंड ३८ कोटी ५ लाखांचा. ऐकायला जबरदस्त. भागाकार करा, माणशी अडीच डॉलर पडतात! प्रत्यक्षात खरं नुकसान झालेल्याला पुराव्यानिशी २०,००० डॉलरपर्यंत मागता येत होते. बाकीच्यांना क्रेडिट मॉनिटरिंग फुकट, आणि ते आधीच असेल तर त्याऐवजी १२५ डॉलर 'पर्यंत' रोख. हा 'पर्यंत' कोणी वाचलाच नाही. या रोख रकमेसाठी राखलेले पैसे होते ३ कोटी १० लाख. म्हणजे पूर्ण १२५ मिळायचे तर दावे जास्तीत जास्त २ लाख ४८ हजार. पात्र लोक १४ कोटी ७० लाख. हे गणित कोणीतरी करून मगच छापलं असणार ना?

नऊच दिवसांत, ३१ जुलैला, फेडरल ट्रेड कमिशनने सांगून टाकलं की दावे इतके आलेत की १२५ विसरा, मॉनिटरिंग घ्या. सप्टेंबरमध्ये दावेदारांना मेल आला, तुमच्याकडे आधीपासून कुठलं मॉनिटरिंग आहे त्याचं नाव १५ ऑक्टोबरच्या आत कळवा, नाहीतर दावा बाद. जानेवारी २०२० मध्ये अटलांटाच्या कोर्टाने तडजोड मंजूर केली. वकिलांची फी ७ कोटी ७५ लाख डॉलर. लोकांना वकिलांचा राग येतो, पण फुकट काम करून इतक्या मोठ्या कंपनीशी कोणी भांडलं नसतं. मला राग येतो तो त्या 'पर्यंत'चा. मग अपील झालं, २०२१ मध्ये ते बहुतांशी फेटाळलं गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये एकदाचे पैसे निघाले. बऱ्याच जणांच्या हाती आले पाच-सात डॉलर. अटलांटात बरी कॉफी आणि सोबत एखादी कुकी येईल.

आपल्याकडे? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे (इथेही 'पर्यंत'), पण तो जमा होतो सरकारच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला पाच डॉलरसुद्धा नाहीत.

अमेरिकेत नोकरी करून आलेल्या किंवा तिथेच असलेल्या मराठी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. तुम्ही पुण्यात परत आलात तरी सोशल सिक्युरिटी नंबर तोच राहतो, आणि चोरालाही तोच नंबर माहीत असतो. या सगळ्या गदारोळानंतर सप्टेंबर २०१८ पासून क्रेडिट फ्रीझ कायद्यानेच फुकट झालंय. ते इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन, तिघांकडे वेगवेगळं करावं लागतं. कर्ज घ्यायचं असेल तेव्हा तात्पुरतं काढता येतं. आणि या तडजोडीत असलेल्यांना, दावा केलेला नसला तरी, ओळख चोरीला गेल्यावर निस्तरायला मदत जानेवारी २०२९ पर्यंत फुकट आहे.