घर बांधायचे, तर कोणाला विचारायचे? म्हसवड ते मुंबई : बांधकाम परवानगीचा इतिहास

१/
म्हसवड म्हटले की इतिहासप्रेमींना नागोजी माने आठवतात आणि त्यांच्यामागोमाग १६९७ साली झालेला संताजी घोरपडे यांचा अंत. माणगंगेच्या काठच्या या गावाची दुसरी ओळख मात्र क्वचितच सांगितली जाते. १८५७ साली, उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना, म्हसवडला नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते.

२/
नगरपालिका आली म्हणजे घर बांधणाऱ्याला विचारण्यासाठी एक नवी कचेरी आली. त्याने काय विचारावे, हे पुढच्या कायद्यांनी हळूहळू ठरवले. पण त्याच कायद्यांना आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : कचेरी गप्पच बसली तर? बांधकाम परवानगीच्या इतिहासाचा कणा हा दुसरा प्रश्न आहे.

३/
त्याआधीची व्यवस्था पाहू. गावाची जमीन दोन रंगांत ओळखली जाई. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पांढरीतल्या घरजागेचा वाद पाटील-कुलकर्णी आणि गोतसभेपुढे येई. निवाड्याचा महजर होई. साक्षीला शेजारी असत. भिंत कोणाच्या हद्दीत आली हे सांगणारा नकाशा नव्हता, जाणत्यांची आठवण होती.

४/
शहरात मात्र आठवणीवर भागत नसे. थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६४मध्ये, पुण्यात बाळाजी नारायण केतकर यांची कोतवाल म्हणून नेमणूक झाली. चोर पकडणे एवढेच कोतवालाचे काम नव्हते. रस्ते, गल्ल्या आणि घरे यांविषयीचे तंटे त्याच्याकडे येत. म्हणजे घर आणि वाट यांचा झगडा इंग्रजी अमलाच्या आधीच सरकारदरबारी पोहोचला होता.

५/
एप्रिल १८४८मध्ये साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. पाठोपाठ १८५०चा सव्विसावा कायदा आला. रहिवाशांची इच्छा असेल त्या गावी हा कायदा लागू करता येई. रस्ते बांधणे, झाडणे, दिवे लावणे, उपद्रव रोखणे ही त्याची मुख्य उद्दिष्टे होती. त्याची नजर घरापेक्षा घराबाहेरच्या रस्त्यावर अधिक होती.

६/
हा रस्ताच कळीचा होता. प्रत्येक घर थोडेसे पुढे सरकू पाहते : आधी ओटा, मग ओट्यावर छप्पर, मग छपराखाली भिंत. म्हसवडसारख्या गावात, जिथे मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ नगरप्रदक्षिणेला निघतो, तिथे वाट मोकळी राहण्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एकाच्या ओट्याची किंमत सगळा गाव मोजतो.

७/
घराच्या परवानगीचा काटेकोर साचा मुंबईने घडवला. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यानुसार इमारत बांधू इच्छिणाऱ्याने कलम ३३७खाली आयुक्तांना नोटीस द्यायची. इथे शब्द महत्त्वाचा आहे. नागरिक परवानगीसाठी याचना करीत नव्हता, तो आपला इरादा कळवीत होता. जमीन त्याची, पैसा त्याचा. हरकत असेल तर ती कचेरीने सांगायची.

८/
तीही मुदतीत. कलम ३४५ सांगते की ३० दिवसांत आयुक्तांनी लेखी नापसंती कळवली नाही, तर नोटीस दिल्यापासून वर्षाच्या आत बांधकाम सुरू करता येते. कलम ३४६ आयुक्तांना दुसरी वाट देते : नापसंती कळवा, पण कोणत्या अटी पाळल्यास काम मंजूर समजले जाईल तेही लिहा.

९/
मुंबईच्या बांधकाम व्यवसायात आजही वापरला जाणारा ‘आयओडी’ हा शब्द इथूनच आला. त्याचा अर्थ ‘नापसंतीची सूचना’. ज्या कागदासाठी अर्जदार आतुर असतो, त्याचे नाव नापसंती! गप्प राहिले तर होकार ठरतो, म्हणून कचेरी अटींसह नकार कळवते आणि त्या अटी पाळल्या की तो नकारच होकार होतो.

१०/
मग सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला. अंधाऱ्या, दाटीच्या खोल्यांकडे सरकारचे लक्ष वळले. १८९८मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याशी जोडला गेलेला ‘साडेत्रेसष्ट अंशां’चा नियम प्रसिद्ध आहे. सोप्या भाषेत, समोर जेवढी मोकळी जागा, त्याच्या सुमारे दुपटीपेक्षा भिंत उंच नको. शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड आता कोनात मोजला जाऊ लागला.

११/
लहान गावांसाठी हा विचार १९०१च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यात उतरला. कलम ९६नुसार नवे घर बांधण्याआधी किंवा जुन्यात बाहेरून बदल करण्याआधी नगरपालिकेला लेखी नोटीस देणे आवश्यक झाले. पायाची पातळी, मापे, वायुवीजन, साहित्य, मोरी आणि शौचकूप यांची माहिती नगरपालिका मागू शके. इथेही मुदत होती : महिनाभरात कोणताही आदेश किंवा विचारणा आली नाही, तर काम सुरू करता येई.

१२/
स्वातंत्र्यानंतर १९६५च्या कायद्याने राज्यातील नगरपालिकांना एका चौकटीत आणले. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने भाषा बदलली. कलम ४४खाली आता ‘अर्ज’ करायचा. इरादा कळवणारा मालक अर्जदार झाला. जुना धागा मात्र तुटला नाही. कलम ४५ म्हणते की ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाईल.

१३/
या सवलतीला एक कुंपण आहे. मानीव परवानगी नियमांत बसणाऱ्या बांधकामालाच मिळते. कचेरीच्या मौनाने रस्त्यात आलेली भिंत कायदेशीर होत नाही. ६० दिवस मोजून निर्धास्त झालेल्या घरमालकाला पुढे कलम ५३ची नोटीस येऊ शकते. मौन अधिकाऱ्याचे असते, पण बाधित होणारा शेजारी आणि वाटसरू त्या व्यवहारात कधी बोललेलाच नसतो. हे कुंपण त्याच्यासाठी आहे.

१४/
डिसेंबर २०२०मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घरासाठी आवश्यक कागद, नकाशा दाखल करून शुल्क भरले की त्याची पोचच परवानगी मानली जाते. १८८८ सालची ‘इरादा कळवण्याची’ कल्पना लहान घरांपुरती पुन्हा परतली.

१५/
महजरापासून पोचपावतीपर्यंत कागद बदलले, कचेऱ्या बदलल्या. पांढरीतल्या निवाड्यात शेजारी स्वतः साक्षीला उभा असे. आज त्याची जागा सामासिक अंतर, उंची आणि रस्त्याची रुंदी या आकड्यांनी घेतली आहे. म्हणून म्हसवडसारख्या जुन्या गावात नकाशावर सोडलेली प्रत्येक मोकळी पट्टी वाचताना विचारावे : ही जागा कोणासाठी सोडली आहे? आणि सोडायला सांगणाऱ्या कचेरीने आपले उत्तर मुदतीत दिले का?