दुर्बिणीच्या चालक मोटरीचे अनुकूलन

दुर्बिणीच्या चालक मोटरीचे अनुकूलन : दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरविणारी समकालिक मोटर परक्या वीजपुरवठ्यावरही मूळच्याच गतीने चालावी म्हणून करावयाची तजवीज. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट दाबाची व ६० हर्ट्‌झ कंप्रतेची, तर भारतात २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झची असल्यामुळे, अमेरिकी बनावटीची जुनी दुर्बीण इकडे आणली की ही तजवीज अटळ ठरते.

पृथ्वीचे एक परिवलन (नक्षत्रदिन) २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरे होते आणि ध्रुवाक्षावर (पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आसावर) बसविलेली दुर्बीण त्याच वेगाने उलट दिशेस फिरली, तरच तारा दृष्टिक्षेत्रात स्थिर राहतो. मोटरीने फिरणाऱ्या मळसूत्राच्या चार मिनिटांच्या प्रत्येक फेरीस एक दाता सरकणारे ध्रुवाक्षावरील ३५९ दात्यांचे चक्र १,४३६ मिनिटांत, म्हणजे नक्षत्रदिनाहून अवघ्या चार सेकंदांच्या तफावतीने, आपले आवर्तन संपविते. परंतु हा सारा हिशेब मोटरीच्या गतीवर, आणि ती गती पुरवठ्याच्या कंप्रतेवर अवलंबून असते. ६० हर्ट्‌झची मोटर ५० हर्ट्‌झवर पाच-षष्ठांश गतीनेच फिरते. परिणामी खगोलीय विषुववृत्तावरील तारा दर सेकंदास अडीच विकला पश्चिमेकडे निसटतो आणि बारा मिनिटांत चंद्रबिंबाच्या रुंदीइतका दूर जातो.

दाब उतरविणारे रोहित्र कंप्रता बदलीत नसल्याने हा दोष त्याने जात नाही. शिवाय कमी कंप्रतेवर पूर्ण १२० व्होल्ट दिल्यास वेटोळ्यांतून अधिक प्रवाह वाहून मोटर तापते. म्हणून दाबही त्याच प्रमाणात, सुमारे १०० व्होल्टांपर्यंत, उतरविणे इष्ट असते.

गतीचा दोष घालविण्याचे मार्ग तीन : तितक्याच फेऱ्यांची ५० हर्ट्‌झची मोटर बसविणे; मधली दंतचक्रे बदलून गती ६ : ५ या प्रमाणात वाढविणे; किंवा १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणाऱ्या आंदोलकाने ६० हर्ट्‌झचा प्रवाह निर्माण करून तो रोहित्राने १२० व्होल्टांपर्यंत चढविणे. तिसरा मार्ग सर्वांत गुणकारी होय, कारण त्यात कंप्रता हवी तशी मुक्रर करता येते (चक्राचे दाते ३६० असल्यास ती ६०.१६ हर्ट्‌झ ठेवावी लागते), दीर्घ छायाचित्रणात गती किंचित कमीजास्त करता येते आणि जेथे वीज पोहोचलेली नाही, अशा अंधाऱ्या माळावरही दुर्बीण चालविता येते.

कोणताही मार्ग पत्करला, तरी ध्रुवाक्ष अचूक साधून, मध्यमंडलाजवळचा (माथ्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर वर्तुळाजवळचा) एखादा तारा नेत्रिकेतील उभ्याआडव्या तारांच्या छेदावर आणावा आणि दहा मिनिटे न्याहाळावा. तो छेद न सोडता तेथेच राहिला, म्हणजे अनुकूलन सिद्ध झाले.